ममादमधला संगणक आणि ठाण्याचा भाचा : दूरवरून मदत कशी घ्यावी



आपल्या वयाच्या लोकांचं संगणकाशी नातं साधारण सारखंच असतं. चालतो तोवर चालतो, अडला की मुलांना फोन. मुलं म्हणतात, "आई, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाच." अर्धं हिब्रू, अर्धं इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. वाचून दाखवता दाखवता अर्धा तास जातो, दोघांचाही आवाज चढतो आणि काम तसंच राहतं. त्याऐवजी आपला स्क्रीन मुलाला त्याच्या घरी बसून दिसला आणि आपला माउस त्याला तिथून हलवता आला, तर तेच काम दहा मिनिटांत होतं. याला रिमोट ॲक्सेस म्हणतात.

मी नर्स, संगणकवाली नव्हे. पण गेल्या वर्षी हे सगळं घरी बसवून घेतलं, आणि तेव्हापासून आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणी विचारतात की कसं केलं. फोनवर प्रत्येकीला सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. कसं बसवायचं ते सांगेनच, पण कोणासाठी बसवायचं नाही, हेही सांगेन. माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे.

आमच्या घरची परिस्थिती

मोठा संगणक आमच्याकडे ममादमध्ये आहे. पुष्कळ घरांत असतो, कारण एरवी ती खोली रिकामीच असते. त्यावर मंडळाची सभासदांची यादी आहे, दिवंगतांच्या वार्षिक तिथींची यादी आहे आणि जुन्या लोकांकडून ऐकून मी मराठीत टाइप केलेले घराण्यांचे कागद आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या खुर्चीवर बसवत नव्हतं, म्हणून सलोनमध्ये सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायची. मुलगी हायफाला, नातू सैन्यात. संगणकातलं खरं कळणारा माणूस म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, आणि तो ठाण्यात.

म्हणजे दोन गरजा होत्या. एक, सोफ्यावरून ममादमधला संगणक मला वापरता यावा. दोन, अडचण आली की भाच्याला ठाण्याहून त्यात बघता यावं. पहिलं काम विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने होतं. दुसऱ्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते दुसरं सॉफ्टवेअर मी पहिल्याच्या मदतीने, सोफ्यावरून न उठता बसवलं.

दोन प्रकारांतला फरक

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट जातो. लॅपटॉप घरातल्या वायफायवरून मोठ्या संगणकाचं दार ठोठावतो आणि आत शिरतो. घराच्या आत हे उत्तम चालतं. बाहेरून यायचं तर राउटरमध्ये त्यासाठी वाट उघडावी लागते (तिचा नेहमीचा क्रमांक ३३८९), आणि ते घरी कधीही करू नये. जगभर चोर मंडळी अशी उघडी दारं रात्रंदिवस शोधत असतात, सापडलं की हजारो पासवर्ड लावून बघतात. आत शिरले की सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागतात. "राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो" असं कोणी म्हणालं, अगदी घरातला मुलगा म्हणाला, तरी नाही म्हणा.

टीमव्ह्युअर, ॲनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांची रीत वेगळी. जुन्या ट्रंक कॉलची आठवण करा. मुंबईहून पुण्याला बोलायचं तर आपण एक्स्चेंजला फोन लावायचा, आणि ऑपरेटर दोन्ही टोकं जोडून द्यायचा. तसंच हे. माझा संगणक आणि भाच्याचा संगणक, दोघेही आपणहून बाहेर त्या कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतात आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. घराच्या भिंतीला भोक पाडावं लागत नाही. मात्र ज्याच्याकडे आपला क्रमांक आणि पासवर्ड, त्याला ऑपरेटर जोडून देणार. तो भाचा आहे की भामटा, हे ऑपरेटरला कळत नाही.

आधीची तयारी

मोठ्या संगणकाजवळ एकदा तरी जाऊन बसावं लागतं.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा आणि विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते बघा. प्रो असेल तर पुढे जा. होम असेल तर त्या संगणकात विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. होमवाल्या लॅपटॉपवरून प्रोवाल्या संगणकात जाता येतं, उलट नाही. तुमच्याकडे होम असेल तर खालचं सॉफ्टवेअर त्याच संगणकासमोर बसून टाका, बाकी सगळं तेच.

प्रो असेल तर सिस्टिममध्येच रिमोट डेस्कटॉप नावाचं पान आहे, तिथलं बटण चालू करा. संगणकाचं नाव त्याच पानावर दिसतं, ते कागदावर उतरवून घ्या.

तुमच्या खात्याला पासवर्ड हवा. बिनपासवर्डच्या खात्यात दुरून जाता येत नाही, आणि रोज टाकतो तो छोटा पिनही इथे चालत नाही. खरा पासवर्ड लागतो. तो आठवत नसेल तर आधी बदलून घ्या.

पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. स्क्रीन काळा झाला तर चालेल, पण संगणक झोपला की कोणतंही रिमोट सॉफ्टवेअर त्याला उठवायला सहसा उपयोगी पडत नाही.

आणि एक आपल्या घरांची खास अडचण. ममादच्या भिंती जाड काँक्रीटच्या, दार लोखंडी. वायफाय आत नीट पोचत नाही, दार लावलं की आणखी कमी. आम्ही राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकून घेतली. त्याआधी दर पाच मिनिटांनी जोडणी तुटत होती.

सोफ्यावरून आत शिरणे

लॅपटॉपवर स्टार्ट दाबून 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' शोधा. कागदावरचं संगणकाचं नाव टाका, कनेक्ट दाबा. खात्याचं नाव आणि पासवर्ड मागेल. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर नाव म्हणजे तुमचा पूर्ण ईमेल.

इथे बरेच जण अडकतात ते भाषेपाशी. आपल्याकडे हिब्रू, इंग्रजी आणि मराठी असे तीन कीबोर्ड असतात. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण हिब्रूत टाइप करतोय हे कळतच नाही. पासवर्ड चुकीचा आहे असं आलं की घाबरू नका, आधी खाली भाषेचं चिन्ह बघा.

मग एक इशारा येतो की या संगणकाची ओळख पटत नाही. घरच्या संगणकांत हे नेहमीचं आहे. नाव आपलंच आहे ना ते बघून होय म्हणा.

आता लॅपटॉपवर मोठ्या संगणकाचा स्क्रीन दिसेल. वरच्या बाजूला एक पट्टी असते, त्यावर संगणकाचं नाव असतं. काहीही करण्यापूर्वी त्या पट्टीकडे बघायची सवय लावा, म्हणजे सॉफ्टवेअर चुकून लॅपटॉपवरच बसत नाही. त्याच वेळी ममादमधल्या स्क्रीनला कुलूप लागलेलं दिसेल. ते बरोबर आहे. एका वेळी एकच माणूस आत बसतो.

सॉफ्टवेअर बसवणे

आधी कोणतं ते ठरवा. फक्त तुम्हालाच तुमच्या संगणकात जायचं असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप सोपं आणि फुकट. त्याला गूगलचं खातं आणि निदान सहा आकडी पिन लागतो. पण नेहमीसाठी जोडलेल्या संगणकात त्याच गूगल खात्याने जाता येतं. भाच्याला आत घ्यायचं म्हणून आपल्या गूगल खात्याचा पासवर्ड त्याला देणं योग्य नाही, त्यात आपली पत्रं, फोटो सगळं असतं. त्यातच एक वेळच्या कोडची सोय आहे, तो कोड एकदाच चालतो आणि दर अर्ध्या तासाने "चालू ठेवायचं का?" असं आपल्याला विचारलं जातं. कधीतरी मदत लागणाऱ्यांना तेवढं पुरे.

आम्ही ॲनीडेस्क घेतलं. टीमव्ह्युअरचीही रीत जवळजवळ तीच. दोन्ही घरगुती वापराला फुकट आहेत. संस्थेच्या कामाला मात्र नाही. मंडळाच्या किंवा सिनेगॉगच्या कचेरीतल्या संगणकावर टाकायचं असेल तर परवाना विचारून घ्या, नाहीतर कंपनीला व्यावसायिक वापराचा संशय आला की जोडणी मधेच तोडली जाते.

रिमोट डेस्कटॉपच्या आत, म्हणजे मोठ्या संगणकावर, ब्राउझर उघडा आणि कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावर जाऊ नका. तो पुष्कळदा जाहिरात असतो, आणि जाहिरातीमागे नकली सॉफ्टवेअरही असू शकतं.

उतरवलेली फाइल नुसती उघडली तरी सॉफ्टवेअर चालू होतं, पण ते तात्पुरतं. संगणक बंद करून चालू केला की ते नसतं. म्हणून 'इन्स्टॉल' हे बटण शोधून ते कायमचं बसवा. विंडोज परवानगी विचारेल, होय म्हणा. असं बसवलं की संगणक चालू होताना, कोणी पासवर्ड टाकण्याच्याही आधी ते सुरू होतं.

मग त्याच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जा. आपण समोर नसतानाही आत येता येण्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवता येतो. हा ठेवायचा की नाही, याचा नीट विचार करा. आपण नेहमी समोर बसूनच मदत घेणार असू तर ठेवू नका. भाचा जोडणी मागेल, आपल्या स्क्रीनवर प्रश्न येईल, आपण 'स्वीकारा' दाबू. मी ऑपरेशनमुळे ठेवला. ठेवलाच तर लांब ठेवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला ठेवा, आणि फोनवर येणाऱ्या दुसऱ्या कोडचीही सोय चालू करा. शिवाय फक्त ठरलेल्या क्रमांकांनाच आत घेण्याची यादी करता येते. माझ्या यादीत दोनच क्रमांक आहेत.

रिमोट डेस्कटॉपवरून बसवताना लक्षात ठेवायची गोष्ट

हे भाच्याने मला सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही.

तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत असताना मदतनीस दुसऱ्या सॉफ्टवेअरने आला, तर त्याला बहुधा तुमचं काम दिसत नाही. त्याला ममादमधल्या स्क्रीनवर आहे तेच दिसतं, म्हणजे कुलूप. आणि सॉफ्टवेअर कायमचं न बसवता नुसतं उघडून ठेवलं असेल, तर तुम्ही रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केलीत की त्याचा स्क्रीनच जातो. सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटून लोक ते पुन्हा पुन्हा काढतात आणि घालतात. बिघडलेलं काही नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. सॉफ्टवेअर पूर्ण बसवा, पासवर्ड ठेवा, क्रमांक कागदावर लिहा. मग रिमोट डेस्कटॉपची खिडकी वरच्या पट्टीवरच्या फुलीने बंद करा. फुलीने बंद केलं तर आतलं काम चालू राहतं. 'साइन आउट' केलं तर उघडे कागद बंद होतात, तेव्हा आधी सेव्ह करा. मग मदतनिसाला जोडायला सांगा. त्याला कुलपाचा पडदा दिसला म्हणजे सॉफ्टवेअर नीट बसलं. घरातल्या कोणी ममादमध्ये जाऊन पासवर्ड टाकला की कुलूप उघडतं. विंडोजचा पासवर्ड फोनवर सांगायची गरज नाही.

शेवटची चाचणी : संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, आणि कोणीही आत न शिरता मदतनिसाला पुन्हा जोडायला सांगा. तेव्हाही जमलं तर काम झालं.

मदत चालू असताना

भारतात रविवारी सुट्टी असते आणि मी निवृत्त, त्यामुळे आमची वेळ रविवारची. उन्हाळ्यात ठाणे आपल्यापुढे अडीच तास असतं, हिवाळ्यात साडेतीन. घड्याळ बदललं की आधी वेळ ठरवून घ्या.

हिब्रू विंडोज असेल तर मदतनिसाला आधी सांगा. सगळं आरशात बघितल्यासारखं असतं, खिडकी बंद करायची फुली डावीकडे. भाचा पहिल्या दिवशी उजवा कोपराच शोधत होता. विंडोजची भाषा तात्पुरती इंग्रजी केली की दोघांनाही सोपं जातं.

काही वेळा मदतनिसाचा स्क्रीन अचानक काळा होतो किंवा थिजतो. विंडोजने परवानगीचा प्रश्न विचारला की असं होतं, कारण तो प्रश्न घरातल्या माणसानेच वाचून उत्तर द्यावा अशी योजना आहे. वाचा, आणि पटलं तरच होय म्हणा.

ॲपलचा संगणक असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या प्रायव्हसीच्या पानावर आपल्या हाताने द्याव्या लागतात. पहिली नसेल तर मदतनिसाला दिसत नाही, दुसरी नसेल तर माउस हलवता येत नाही.

जोडणीआधी बँकेचं पान आणि कुपत खोलीमचे रिपोर्ट बंद करा. भाचा आपलाच आहे, पण त्याच्या पाठीमागून चहा घेऊन जाणाऱ्या शेजारणीला माझं रक्त तपासलेलं कशाला दिसायला हवं? पेशंट कितीही ओळखीचा असला तरी आम्ही पडदा ओढूनच ड्रेसिंग करायचो. तसंच मदतनिसालाही सांगा की हात लावण्यापूर्वी काय करतोय ते बोलत जा. माझा भाचा आता म्हणतो, "मावशी, आता ही फाइल उघडतो." मला पुढच्या वेळी ते स्वतः करता येतं, हा त्यातला फायदा.

दार कोणासाठी उघडायचं नाही

आमच्या ओळखीच्या एका बाईंना दुपारी फोन आला. यजमान वारले होते, बँकेचं सगळं तेच बघायचे. फोनवरचा माणूस गोड इंग्रजीत म्हणाला, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, तुमचे काही पैसेही परत द्यायचे आहेत. त्याने हेच, मी वर सांगितलं तसलंच सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, क्रमांक विचारला आणि 'स्वीकारा' दाबायला सांगितलं. मग स्क्रीन काळा झाला. "घाबरू नका, काम चालू आहे, फोन ठेवू नका." पाऊण तासाने खात्यातली मोठी रक्कम गेली होती. पैशापेक्षा मला लागलं ते हे की बाईंनी तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. मुलं रागावतील, बँक हातातून काढून घेतील, म्हणून लाजेने गप्प राहिल्या.

असे प्रकार सगळीकडे चालतात. भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना याच पद्धतीबद्दल सावध केलं होतं. लोकांना फोनवर ॲनीडेस्क घ्यायला लावून, त्यातला नऊ आकडी क्रमांक विचारून पैसे काढले जात होते. दोष सॉफ्टवेअरचा नाही. तेच भाच्याच्या हाती मदत आहे आणि भामट्याच्या हाती चोरीचं हत्यार.

ओळखायची खूण एकच : फोन कोणी केला? मी भाच्याला फोन केला तर ती मदत. अनोळखी माणसाने मला फोन करून आत यायला मागितलं तर ती चोरी, मग तो बँक, पोलीस, इंटरनेट कंपनी, बितुआख लेउमी, काहीही नाव सांगो. आपणहून फोन करून कोणतीही बँक तुमच्या संगणकात शिरायला मागत नाही. ओळखीच्या माणसाचा असा मेसेज आला तरी उलट फोन करून आवाज ऐका.

आणि दार उघडलं गेलंच असेल तर? संगणकाची इंटरनेटची केबल ओढा, वायफाय बंद करा. माउसने काही बंद करत बसू नका. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, खातं आणि कार्ड थांबवा. त्यानंतर पोलिसांत जा. इस्राएलमध्ये सायबर विभागाचा मदत क्रमांक ११९ आहे, भारतातल्या नातेवाइकांसाठी १९३०. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून. आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. वॉर्डात आम्ही शिकलो ते हेच की लवकर सांगितलेल्या दुखण्याला उपाय असतो. मुलांनाही माझी विनंती आहे, आईवडिलांनी सांगितलं तर आधी ओरडू नका. तुम्ही ओरडाल या भीतीवरच त्या चोरांचा धंदा चालतो.

किल्ली कोणाकडे

वॉर्डात जहाल औषधांच्या कपाटाची किल्ली ड्यूटीवरच्या मुख्य नर्सकडे असायची. पाळी बदलली की औषधं मोजून, सही करून ती पुढे द्यायची. "कोणाकडे असेल बहुतेक" असं उत्तर चालत नसे. संगणकाच्या बाबतीतही तसंच ठेवा. कोणाला आत येता येतं याची यादी तुम्हाला तोंडपाठ हवी. दुरुस्तीवाल्याने काम करताना असं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर काम संपताच काढायला लावा. मदतनीस बदलला की पासवर्ड बदला. गरज संपली की सॉफ्टवेअर काढून टाका, पुन्हा घालायला दहा मिनिटं लागतात.

मी संगणकाशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात एक कागद लावला आहे. त्यावर पासवर्ड नाही. चारच ओळी आहेत, हव्या तर उतरवून घ्या.

फोन मी केला का?
बँकेचं पान बंद आहे का?
शंका आली तर केबल ओढ.
मुलीचा नंबर, आणि बँकेचा नंबर.